बाबा, बेप आणि संडासातलं कॅलेंडर

अल्पाकांची एक शिस्त मला फार आवडते. अख्खा कळप शेताच्या एकाच ठरलेल्या कोपऱ्यात जाऊन लेंड्या टाकतो. तिथे गर्दी असेल तर मागचे शांतपणे उभे राहून नंबर लावतात! त्यामुळे बघता बघता ढीग होतो आणि दर सोमवारी तो उचलायचं काम माझ्याकडे असतं. किश्श्यांचंही तसंच झालंय. कोरोनाच्या त्या काळात रोज थोडे थोडे पडत गेले, आणि ते उपसायला आता कुठे सवड मिळतेय.

आधी माणसं सांगते, म्हणजे घोळ नको. हेंक आणि मारियान हे नवरा-बायको, दोघंही साठी ओलांडलेले. युट्रेख्ट या डच शहराच्या बाहेर, आमच्या घरापासून सायकलने चाळीस मिनिटांवर त्यांचं शेत आहे आणि त्यावर बत्तीस अल्पाका. उंटाच्या नात्यातला, पण मेंढीएवढ्या लोकरीचा हा प्राणी. हेंक सहा फुटांच्या बराच वर, हात फावड्याएवढे, बोलणं कमी, आणि जे ऐकलं ते शब्दशः खरं धरणारा. मारियान त्याच्या उलट.

मी अर्चना, इथे नवऱ्याच्या, समीरच्या, मागे डिपेंडंट व्हिसावर आले. त्याआधी पुण्यात बँकेत होते. इथे खेमेंटेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, डच वर्गात जायचे. तिथल्या बाई म्हणाल्या, "भाषा सुधारायचीय ना? मग कुठेतरी व्हॉलंटियर म्हणून जा." मी फॉर्मवर 'लायब्ररी' लिहिलं. मला अल्पाका मिळाले!

त्यात गंमत म्हणजे माझे बाबा जनावरांचे डॉक्टर. विट्याच्या सरकारी दवाखान्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांच्या शर्टाच्या वासाला कंटाळून मी ठरवून बँकेत गेले होते, आणि इतक्या लांब येऊन पुन्हा त्याच वासात! व्हॉलंटियरची पुढे पार्टटाइम नोकरी झाली, आणि मग लॉकडाउन आला.

* * *

लॉकडाउनच्या आदल्या वर्षी आई गेली. तेव्हापासून बाबा एकटे. आमचे फोन दोन मिनिटांत संपायचे.

"जेवलात का?"

"हो."

"बीपीची गोळी?"

"हो. ठेवतो."

इकडे या म्हटलं की ठरलेलं उत्तर, "मी तिथे येऊन काय करू?" आणि आता तर यायचं म्हटलं तरी विमानं बंद. घरात समीरच्या दिवसभर मीटिंगा, आमची सात वर्षांची इरा शाळा बंद म्हणून सोफ्यावर उड्या मारतेय, आणि माझ्या डोक्यात एकच, हा माणूस विट्याच्या त्या घरात दिवसभर कुणाशी बोलत असेल?

एके दिवशी सुचेना म्हणून मी शेतातून व्हिडिओ कॉल लावला आणि कॅमेरा बेपकडे फिरवला. बेप ही कळपातली सगळ्यात म्हातारी आणि सगळ्यात सभ्य मादी. तिने आजवर एकाही माणसावर थुंकलेलं नाही असं हेंक अभिमानाने सांगतो, आणि अल्पाकांच्या जगात ही फार मोठी गोष्ट आहे.

बाबा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "दात दाखव."

"काय?"

"तिचे दात दाखव. वय कळायला नको?"

एका हातात फोन, दुसऱ्या हाताने मी बेपचा ओठ वर केला. बिचारी उभी राहिली.

"वर पुढचे दातच नाहीत! रवंथ करतं का हे?"

"करतं."

"मग पोटाचे कप्पे किती? पायाचे खूर जवळून दाखव. अशी लांब का उभी राहतेस, बँकेत आहेस का?"

कॉल एकवीस मिनिटं चालला. मी घरी जाऊन समीरला सांगितलं, "आज बाबा एकवीस मिनिटं बोलले!"

समीर म्हणाला, "कुणाशी?"

"बेपशी."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला माझा फोन वाजला. कितीतरी महिन्यांनी बाबांनी आपणहून केलेला फोन! मी धडपडत उचलला. ते म्हणाले, "पोटाचे कप्पे तीनच आहेत. मी वाचून काढलं."

* * *

मे महिन्यात लोकर कापायची असते. दरवर्षी कापणारा माणूस परदेशातून येतो, युरोपभर शेतांवर फिरतो आणि आमच्याकडे एका दिवसात बत्तीस जनावरं उरकून जातो. त्या वर्षी सीमा बंद, तो तिकडेच अडकला. इकडे ऊन तापायला लागलं. एवढी लोकर अंगावर घेऊन जनावरं धापा टाकायला लागली.

हेंक म्हणाला, "मी कापतो." त्याने आयुष्यात स्वतःची मिशीही नीट कापलेली नव्हती!

पद्धत अशी. अल्पाकाला गादीवर आडवं करायचं, पुढचे पाय एका दोराने, मागचे दुसऱ्याने ताणून बांधायचे, एकाने डोकं धरायचं आणि थुंकू नये म्हणून तोंडावर जुना मोजा चढवायचा. डोकं माझ्याकडे, मोजे मारियानकडे, मशीन हेंककडे, आणि कुंपणाला टेकवलेल्या फोनमध्ये बाबा!

"त्यांना सांग, कातडी ताणून धरा! सुरकुतीवर मशीन नको!"

मी डचमध्ये सांगायची. हेंक मान हलवायचा.

"पोटाकडे सावकाश! अगं त्यांना सांग, घाई कसली आहे, सगळंच तर बंद आहे!"

पहिल्या दिवशी चारच झाले. त्यांच्याकडे बघवत नव्हतं. कुठे पट्टे, कुठे झुपके. कळपात परत सोडल्यावर बाकीचे त्यांना हुंगून हुंगून ओळख पटवायला लागले. पण एकाही जनावराला ओरखडा नव्हता, आणि बाबांनी तिकडून जाहीर केलं, "पास!"

संध्याकाळी समीर मला न्यायला आला. तेव्हा सलून बंद होऊन दीड महिना झालेला, त्याचे केस कानाखाली आलेले. हेंकने त्याच्याकडे पाहिलं, हातातल्या मशीनकडे पाहिलं, आणि म्हणाला, "आणखी एक?"

समीर बसला! इरा टाळ्या पिटत डचमध्ये किंचाळत होती, "बाबापण! बाबापण!"

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या व्हिडिओ मीटिंगमध्ये तिघांनी वेगवेगळे मेसेज करून विचारलं, कुठलं सलून गुपचूप उघडं आहे? समीरने तिघांना एकच उत्तर पाठवलं, "युट्रेख्टच्या बाहेर एक माणूस आहे. काम बरं करतो. फक्त आधी पाय बांधतो."

* * *

उन्हाळ्यात नियम जरा सैल झाले. लोक अल्पाका बघायला यायला लागले, पण एकमेकांत दीड मीटर अंतर सक्तीचं. मारियानने हौसेने पाटी रंगवली, 'एकमेकांपासून एक अल्पाका अंतर ठेवा.'

पहिल्याच रविवारी द हेगहून एक गृहस्थ आले. कुठल्याशा मंत्रालयातून रिटायर झालेले. पाटीसमोर पाच मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, "मान धरून, की मान सोडून?"

मारियान खळखळून हसली. मीही हसले. हेंक हसला नाही. तो आत गेला, टेप घेऊन आला आणि गोठ्याकडे चालू लागला. चार जनावरं मोजून अर्ध्या तासाने परत आला. ते गृहस्थ तिथेच उभे!

"मान सोडून सव्वा मीटर," हेंक म्हणाला. "मान पुढे काढली तर दीड."

मग त्याने ब्रश आणला आणि पाटीवर खाली लिहिलं, 'मान पुढे काढून.'

गृहस्थांचं समाधान झालं. ते आत आले.

* * *

ब्राम हा आमचा मुख्य नर. दिसायला राजबिंडा, डोक्याने फार पुढचा. एकदा त्याने वरच्या ओठाने फाटकाची कडी उघडली आणि गावात निघून गेला. आम्हाला पत्ताच नाही. साडेदहाला गावातल्या सुपरमार्केटमधून फोन आला, तिथल्या कॅशवर बसणाऱ्या मुलीचा.

"तुमचा एक जण इथे रांगेत उभा आहे."

आम्ही धावलो. खरंच! दुकानाबाहेर माणसं अंतर ठेवून उभी होती आणि मधे ब्राम, पुढच्या आजींपासून बरोबर दीड मीटर सोडून. कोपऱ्यातल्या ढिगापाशी रोज नंबर लावायची सवय, तीच इथे उपयोगी पडली. मागचे लोकही शांत. कुणी त्याला हाकललं नव्हतं.

मारियानने त्या मुलीची माफी मागितली. "फार त्रास दिला का गं त्याने?"

"छे! रांगेबद्दल काहीच तक्रार नाही," ती म्हणाली. "पण आत सोडता येणार नाही. कोरोनात कार्ट सक्तीची आहे, त्याने घेतलेली नाही."

दुसऱ्याच दिवशी हेंकने फाटकाला नवी कडी लावली. ब्राम पलीकडून ती नीट बघत उभा होता.

* * *

मादी गाभण आहे की नाही हे अल्पाकांमध्ये ओळखायची सोपी रीत आहे. तिच्यासमोर नर आणायचा. गाभण नसेल तर ती खाली बसते. गाभण असेल तर कान मागे टाकते आणि त्याच्या तोंडावर थुंकते. पिचकारीच! हिरवी, आंबट, आणि केसांतून दोन दिवस न जाणारी. मला माहीत आहे, कारण ब्रामचा दोर धरून मीच उभी असते.

बाबांना हे मी दाखवलं तेव्हा ते एवढे खूश झाले, की विट्याच्या त्यांच्या सगळ्या जुन्या सहकाऱ्यांना फोन झाले. "अरे आपण आयुष्यभर खांद्यापर्यंत हात घालून तपासत बसलो," ते त्यांना सांगत होते, "आणि हे जनावर स्वतः रिपोर्ट देतं!"

* * *

डच घरांत एक कॅलेंडर असतं, वाढदिवसांचं. त्यावर वार नाहीत, वर्ष नाही, नुसत्या तारखा. आणि ते टांगायची जागा म्हणजे संडास! का, तर तिथे माणूस रोज बसतो आणि समोर दुसरं बघायला काही नसतं. हेंककडे त्यात भर अशी, की नातेवाइकांच्या वाढदिवसांच्या मधेमधे माद्यांच्या विण्याच्या तारखाही तिथेच लिहिलेल्या असतात. आज हेंकची बहीण, उद्या बेप.

मारियानने बाबांची जन्मतारीख विचारून त्यात लिहिली. मी कौतुकाने बाबांना सांगितलं.

"कुठे लिहिली म्हणालीस?"

"संडासात."

"माझं नाव? संडासात?"

"अहो बाबा, हेंकच्या आईचंही तिथेच आहे."

मग म्हणाले, "बेपच्या पानावर आहे का?"

पुढच्या खेपेला मारियान पेन घेऊनच उभी होती. "तुझ्या आईची तारीख?"

मी म्हटलं, "आई गेली माझी. दोन वर्षं होतील."

"मग? तारीख कुठे गेली?" ती म्हणाली आणि जून महिन्याचं पान काढून उभी राहिली.

इथे ज्याचा वाढदिवस त्याच्याबरोबर घरच्यांचंही अभिनंदन करायची पद्धत आहे. पुढच्या जूनमध्ये आईच्या वाढदिवसाला मी सायकल लावते न लावते तोच मारियान दारातून ओरडली, "आईबद्दल अभिनंदन!" मी तिथेच सायकलचं हँडल धरून रडले. ती एक अल्पाका अंतरावर उभी राहिली, आणि मग म्हणाली, "मरू दे ते अंतर," आणि जवळ आली.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "त्या बाईंना सांग, तिला शिरा आवडायचा. केळं घातलेला."

मी दुसऱ्या दिवशी करून नेला. हेंकने दोनदा घेतला.

* * *

हिवाळ्यात इथे ऊन नसतंच. त्यामुळे अल्पाकांना दर काही आठवड्यांनी ड जीवनसत्त्वाची पेस्ट तोंडात पिचकारीने द्यावी लागते. हेंककडे त्याचा तक्ता असतो, नाव आणि तारीख.

त्याच सुमारास माझे गुडघे दुखायला लागले म्हणून मी हाउसआर्ट्सकडे, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेले. त्यांनी रक्त तपासून सांगितलं, ड जीवनसत्त्व कमी आहे. मी ते सहज हेंकच्या कानावर घातलं.

सोमवारी पाहिलं तर तक्त्यावर बत्तिसाव्या नावाखाली पेन्सिलीने एक ओळ वाढलेली. '३३. अर्चना. (गोळी स्वतः घेते.)'

* * *

यातला एक प्रसंग मला हसत सांगता येत नाही, पण तो गाळला तर पुढचं कळणार नाही.

दुसऱ्या वर्षीचा उन्हाळा, आईच्या त्या वाढदिवसाच्या महिनाभर आधी. विट्यात बाबांना कोरोना झाला. घरीच होते. शेजारचे शिंदेकाका दाराबाहेर डबा ठेवायचे आणि खिडकीतून ऑक्सिजनचा आकडा विचारून मला कळवायचे. तिकडे जायचं म्हटलं तर विमानं पुन्हा बंद. तिसऱ्या दिवसापासून बाबांचं बोलणं 'हं' वर आलं. चौथ्या दिवशी त्यांनी फोनच उचलला नाही. काका म्हणाले, "झोपलेत. खाल्लं नाही काही." मी शेतावर गेले, कारण घरी बसून मी वेडी झाले असते.

दहाच्या सुमाराला बेप कळपातून बाजूला जाऊन उभी राहिली. अल्पाका सहसा दिवसाउजेडी, सकाळीच वितात. ऑफिसच्या वेळात, असं हेंक म्हणतो. पण अकरा झाले, साडेअकरा झाले, बेप उठतेय, बसतेय, कण्हतेय, आणि बाहेर पिल्लाचं नाक आणि एकच पाय. हेंकने हात धुऊन प्रयत्न केला. त्याचा पंजा आत जाईना. मारियानची बोटं संधिवाताने वाकडी झालेली. गावचा जनावरांचा डॉक्टर दुसऱ्या शेतावर, यायला तास लागणार. हेंकचा चेहरा पांढरा पडला. बेप ही त्यांनी विकत घेतलेली पहिली मादी.

मी फोन लावला. का लावला ते मला आजही सांगता येत नाही. पहिल्यांदा नुसताच वाजला. दुसऱ्यांदा उचलला.

"हं."

"बाबा, बेप अडलीय. नाक आणि एकच पाय दिसतोय."

पलीकडे खोकल्याची एक उबळ. मग जो आवाज आला तो मी लहानपणी ऐकलेला होता, दवाखान्याच्या ओट्यावरून गवळ्यांवर ओरडणारा.

"बांगड्या काढ!"

"बाबा, मी?"

"मग कोण, मी येऊ? बांगड्या काढ, नखं काप, कोपरापर्यंत साबण लाव. कॅमेरा त्या उंच माणसाच्या हातात दे."

घाईत बाबांचं सरकारी मराठी पार गळून पडतं. "दुसरा पाय आत मुडापलाय बघ. आधी पिल्लू मागं ढकल. मागं! वडू नगंस! कळ आली की थांबायचं, कळ गेली की ढकलायचं. लागला का गुडघा हाताला?"

"लागला."

"खूर मुठीत धर. मुठीत! न्हाईतर पिशवी फाटंल. आता गुडघा वर, खूर फुडं. सावकाश. घाबरू नगंस, बाय, तुझा हात तुझ्या आईवर गेलाय, बारीक आहे."

दुसरा पाय बाहेर आला. त्यानंतर एक कळ, आणि ओलं, लांबलचक, तपकिरी काहीतरी माझ्या मांडीवर! हलत नव्हतं.

"नाकात गवताची काडी घाल!"

घातली. ते शिंकलं. फोन धरलेला हेंक, सहा फूट वर, ढसाढसा रडत होता, त्यामुळे बाबांना बराच वेळ फक्त आभाळ दिसत होतं.

"अगं काय झालं? सांगा कुणीतरी!"

"जिवंत आहे, बाबा! नर आहे!"

"बरं," बाबा म्हणाले. आवाज पुन्हा खोल गेला, धाप लागली होती. "वार पडली का बघ. आणि पहिलं दूध पाज. उद्या परत दाखव मला."

त्या 'उद्या'साठी मी गोठ्यात बसून रडले. मारियान बिस्किटांचा डबा घेऊन आली. त्या घरात कॉफीबरोबर एक बिस्कीट मिळतं आणि झाकण लगेच बंद होतं. त्या दिवशी तिने झाकण लावलंच नाही.

बाबा सावरले. पंधरा दिवस लागले, पण सावरले. हेंकने पिल्लाचं नाव ठेवलं 'डॉक्टर', आणि जाहीर केलं, "बेप आता रिटायर. पुन्हा नराजवळ न्यायची नाही."

* * *

आणि आता हे शेवटचं.

विमानं सुरू झाली, व्हिसे मिळायला लागले, तरी बाबांचं तेच. "मी तिथे येऊन काय करू?" शेवटी हेंकने त्यांना स्वतः फोन केला. इंग्रजीत दोनच वाक्यं बोलला, "डॉक्टर वर्षाचा होतोय. तुम्ही त्याला पाहिलेलं नाही." बाबा म्हणाले, "बरं. तीन आठवडे. एक दिवस जास्त नाही. अर्चू, परतीचं तिकीट आधी दाखव मला."

मेच्या सुरुवातीला ते आले. बॅगेत माझ्यासाठी काही नाही! शिंदेकाकूंनी केलेले डिंकाचे लाडू होते, पण ते बाळंतिणीसाठी, म्हणजे बेपसाठी. विऊन वर्ष झालेल्या बेपसाठी! तिला काही ते देता येईनात. हेंक आणि मारियानने संपवले.

बाबा यायच्या आधीच इराने शेतावरच्या संडासातल्या त्या कॅलेंडरवर, महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, मोठ्या अक्षरांत डचमध्ये लिहून ठेवलं, 'आजोबा परत जाणार.' बाजूला एक रडका चेहरा.

बाबा आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शेतावर गेलो. लोकर कापायची बाकी होती, त्यामुळे सगळे गुबगुबीत. बाबा स्वेटर, मफलर आणि मारियानचे गमबूट घालून कुंपणाच्या आत गेले. थेट बेपसमोर जाऊन उभे राहिले. दोन वर्षं फोनमध्ये बघितलेलं जनावर! त्यांनी हात पुढे केला.

बेपने कान मागे टाकले आणि बाबांच्या तोंडावर थुंकली.

चष्मा, मिशी, मफलर, सगळं हिरवं! मारियानने तोंडावर हात घेतला. हेंक तर पुतळाच झाला. सोळा वर्षांत एकाही माणसावर न थुंकलेली बेप! तो पुन्हा पुन्हा सॉरी म्हणायला लागला. मला वाटलं, झालं, आता बाबा म्हणणार, चल घरी.

बाबांनी चष्मा काढला. मफलरने पुसला. पुन्हा घातला. मग बेपच्या मागच्या बाजूला गेले, तिच्या पोटाखाली लोकरीत तळहात लावला आणि डोळे मिटून उभे राहिले. चांगली पाच मिनिटं. कुणी हललं नाही.

"हेंक," ते इंग्रजीत म्हणाले, "ही गाभण आहे. आठ महिने तरी झालेत."

"शक्य नाही," हेंक म्हणाला. "ती रिटायर झालीय. मी तिला नराजवळ नेलेलीच नाही."

मग आम्ही सगळ्यांनी एकदमच पलीकडच्या कुरणाकडे पाहिलं. फाटकाच्या कडीला नाक लावून ब्राम उभा होता.

दुपारी गावचा डॉक्टर सोनोग्राफीचं मशीन घेऊन आला. पडद्यावर बघून त्याने बाबांकडे पाहिलं आणि टोपी काढली. बाबा बोटांवर हिशेब करत होते. अल्पाकांचे अकरा महिने धरून, जुलैचा शेवट.

"आधी एकदा अडलेलं जनावर आहे," ते मला म्हणाले. "आणि वय झालंय. या वेळी काय होईल सांगता येत नाही."

"हो, बाबा."

"तुझा व्हिसा, म्हणजे माझा, किती दिवसांचा आहे म्हणालीस?"

"नव्वद."

घरात आल्यावर त्यांनी मारियानकडे पेन मागितलं आणि संडासात जाऊन आतून कडी लावली. बराच वेळ झाला. इराने दार वाजवलं, "आजोबा, आर यू ओके?" ते बाहेर आले, पेन मारियानला परत दिलं, थँक्यू म्हणाले, बादली उचलली आणि बेपकडे निघून गेले.

मी आत जाऊन पाहिलं. मेच्या पानावरचं इराचं वाक्य खोडलेलं होतं, सरकारी रजिस्टरमध्ये खोडतात तसं, दोन सरळ रेघा आणि बाजूला सही. मग मी जुलैचं पान काढलं. तिथे त्यांच्या त्या गिचमिड अक्षरात लिहिलं होतं,

'बेप. बाळंतपण. स्वतः हजर.'